सिगरेट सोडवणारं ‘औषध’ सांगून व्हेप (ई-सिगरेट) विकणाऱ्यांपासून सावध राहा

हे लिहू का, असं मी मिस्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, “लिही, फक्त माझ्या कंपनीचं नाव घालू नकोस.” म्हणून लिहिते आहे. ज्यांच्या घरात कुणी सिगरेट कमी करायची धडपड करतंय, त्यांनी कृपया सगळं वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण हे लोक नेमके कुठे धरतात ते कळलं तर दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील.

मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आहेत. सिगरेट कॉलेजपासूनची. रोजचं दहाचं पाकीट, नाईट शिफ्ट असली की त्याहून जास्त. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे आता बंद. त्यांनी मनापासून प्रयत्न केले. चहा सोडला, कारण चहाचा कप हातात आला की दुसरा हात आपोआप खिशात जायचा. टपरीवरचा रस्ता टाळून लांबून जायला लागले. थोडे दिवस निघायचे, मग झोप उडायची, मुलांवर ओरडणं सुरू व्हायचं आणि पुन्हा पाकीट यायचं. निकोटिन एकदम तोडलं की शरीर असंच बंड करतं, त्यात मनाच्या कच्चेपणाचा काही संबंध नाही. पण घरात सगळे त्यांनाच बोलायचे. हे मुद्दाम सांगतेय, कारण माणूस अशा कोंडीत असतो तेव्हाच हे विकणारे समोर येतात.

मोबाईलवर ‘सिगरेट कशी सोडावी’ असं एकदा शोधलं की पुढचे कित्येक दिवस त्याच जाहिराती दिसत राहतात. त्यातल्या एका पेजवर पांढरा कोट घातलेल्या माणसाचा फोटो होता, हिरवं पान होतं आणि खाली ‘तीन महिन्यांचा कोर्स, निकोटिन आधी पाच टक्के, मग तीन, मग शून्य’ असं लिहिलेलं. ऐकायला किती शिस्तीचं वाटतं बघा. व्हॉट्सॲपवर विचारलं तर पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलायचा. “सर, हे व्हेप नाही, हे औषधी इनहेलर आहे. हर्बल आहे. इंग्लंडमध्ये तर सरकारी डॉक्टरच देतात.” दुबईतल्या चुलत दिरांनीही सांगितलं की तिकडे दुकानातून उघड मिळतं. ते खरंच आहे, अमिरातीत 2019 मध्ये विक्रीला परवानगी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे अध्यादेश काढून बंदी आली आणि डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

साडेसहा हजार रुपये आगाऊ मागितले, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. बिल नाही. आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो. “अठराच्या खालच्यांना आम्ही देत नाही सर, नियम म्हणजे नियम,” असं म्हणाला. या वाक्याने आमचा विश्वास आणखी बसला. ते आधार कशासाठी घेतलं होतं ते नंतर कळलं.

पार्सल आलं. पेनसारखं चपटं यंत्र, चार्जिंगची वायर आणि तीन पाकिटांत छोट्या पॉड, म्हणजे यंत्रात बसवायच्या निकोटिनच्या पाण्याच्या कुप्या. एका पाकिटावर पाच टक्के, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर ‘शून्य निकोटिन’. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, छापील किंमतसुद्धा नाही. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर हे सगळं असतं.

सुरुवातीला सगळ्यांनाच बरं वाटलं. कपड्यांचा वास गेला, सिगरेट दिवसाला चारवर आल्या. सासूबाईंनी अंबाबाईची ओटीसुद्धा भरली. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते यंत्र हातातून सुटतच नाही. सिगरेट पेटवायला गॅलरीत जावं लागतं, ती संपते, थोटूक टाकावं लागतं. याला ना पेटवणं ना संपणं. अंथरुणात, बाथरूममध्ये, गाडी सिग्नलला थांबली की लगेच. रात्री दोन-अडीचला उठून दोन झुरके मारून परत झोपायचे. मग छातीत धडधडायला लागलं, सकाळी डोकं जड. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, “शरीरातलं विष बाहेर पडतंय सर, हे चांगलं लक्षण आहे. आता तीन टक्क्यांवर या.” ते तीनवर आले, मग शून्यावर. फरक काहीच नाही. उलट शून्यवाली पॉड घरी विसरली तर कंपनीत जीव कासावीस व्हायचा. शून्य निकोटिनसाठी माणूस असा तळमळेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तर कपाटात सापडलं. एक पॉड गळली होती आणि तिचं तेलकट पाणी शेजारच्या पाकिटावर पसरलं होतं. पुसायला घेतलं तर ‘शून्य निकोटिन’चं स्टिकर ओलं होऊन एका कोपऱ्यातून सुटलं. नखाने ओढलं तर अख्खं निघून आलं आणि खाली मूळ छपाई, पाच टक्के, 50 मिलिग्रॅम. मग तीन टक्केवालं पाकीट घेतलं. त्यावरही स्टिकर, खाली तेच. तिन्ही पाकिटांत एकच माल होता. ‘कोर्स’ म्हणजे नुसती स्टिकरं.

पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगरेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम जातं. इंग्लंडचं नाव सांगून हे विकतात, तर तिथे मिलिलिटरला जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पॉड दोन मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही आणि प्रत्येक उत्पादनाची सरकारकडे नोंद करावी लागते. तिथे सिगरेट सोडण्यासाठी व्हेपचा वापर होतो ही गोष्ट खरी आहे, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा व्हेपने जास्त लोकांची सिगरेट सुटते असं अभ्यासांतही दिसलं आहे. मी ते खोडून काढत नाही. पण तो अभ्यास तिथल्या तपासलेल्या मालावर आणि सोबत मिळणाऱ्या सल्ल्यावर झालेला आहे. आपल्या दारात चोरून येणाऱ्या पॉडमध्ये काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यात 68 मृत्यू होते. मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या अर्काच्या पॉडमध्ये मिसळलेलं, आणि तो माल बहुतेक अनोळखी लोकांकडून घेतलेला होता.

हे ओढताना घशाला काही लागत नाही, त्याचंही कारण आहे. या पॉडमध्ये निकोटिनचा क्षार असतो, आम्ल घालून मऊ केलेला. सिगरेटचा धूर जास्त झाला की ठसका लागून माणूस थांबतो. इथे ठसकाच नाही, त्यामुळे किती ओढलं याचा अंदाज येत नाही. मिस्टरांना वाटायचं, घशाला लागत नाही म्हणजे सौम्य आहे.

इथवर होतं ते फक्त मालातलं फसवणं. पुढचं त्याहून वाईट.

स्टिकर सापडायच्या आधीच मिस्टरांनी पुढच्या पॉडसाठी चार हजार दोनशे भरले होते. पार्सल आलं नाही. फोन आला. व्हिडिओ कॉल, समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. आपण कस्टमचे अधिकारी असल्याचं सांगून त्याने यांचं पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांक घडाघडा वाचून दाखवला. “तुमच्या नावाने बंदी असलेला माल पकडलाय. 2019 चा कायदा माहीत आहे ना? एक वर्ष जेल, एक लाख दंड.” पाठोपाठ शिक्के मारलेली पीडीएफ. मिस्टरांनी गुपचूप कायदा शोधून पाहिला, तर आकडे बरोबर निघाले, आणि तिथेच ते खचले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्या कायद्यात आहेच. पण ते आहे बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला. जाणूनबुजून साठा ठेवू देणाऱ्याला वेगळी शिक्षा आहे. सिगरेट सुटावी म्हणून ओढणाऱ्या माणसाला ‘ओढलं म्हणून’ अशी शिक्षा त्यात लिहिलेली नाही. म्हणून ते घरात ठेवायला मोकळीक आहे असं मी म्हणत नाही, आम्ही आमचं यंत्र पोलिसांकडे जमा केलं. पण दंड ठरवायचं काम कोर्टाचं. तो यूपीआयवर कुणी मागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटक अशी गोष्ट आपल्या कायद्यातच नाही.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी मिस्टरांनी मला कळू न देता 38 हजार भरले. मग ‘फाईल बंद करायला’ आणखी 85 हजार मागितले. एवढे खात्यात नव्हते, म्हणून ते माझ्याकडे आले, भिशीचे पैसे आहेत का विचारायला. चेहरा पाहूनच मी म्हटलं, “अहो, काय झालंय?” तर ओठांवर बोट. फोन चालूच होता, कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती. मी फोन हातात घेतला आणि विचारलं, “साहेब, आम्ही दोघं आत्ता वकील घेऊन येतो, ऑफिसचा पत्ता सांगा.” तो आधी खेकसला, मग मराठीतून एकदम हिंदीत गेला, मग फोन कट.

लगेच 1930 लावला. सायबर फसवणुकीचा हा सरकारी क्रमांक आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. आमचे 38 हजारांतले साधारण अकरा हजार एका खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. गोठवलेले पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज केला आहे.

सायबर पोलीस ठाण्याची पायरी चढताना मिस्टरांचे पाय लटपटत होते. बंदी असलेली वस्तू आपणच मागवली, आता आपल्यालाच आत टाकतील, अशी त्यांना खात्री होती. तिथल्या उपनिरीक्षक बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “याच भीतीवर त्यांचा धंदा चालतो. लोक तक्रारच करत नाहीत.” विकणारा आणि तो ‘साहेब’ एकाच टोळीतले असणार, असं त्या म्हणाल्या, कारण आधारचा तोच फोटो त्या पीडीएफमध्ये होता, कोपऱ्यावरच्या आमच्या टेबलक्लॉथच्या फुलासकट. फसवणूक आणि सरकारी नोकर असल्याची बतावणी, दोन्हीचा गुन्हा त्यांच्यावर लागतो, तक्रारदारावर नाही. बंदी असलेली वस्तू घेताना फसलात म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही. हे माझ्या सगळ्या वाचकांनी आपापल्या घरातल्या पुरुषांना आणि कॉलेजातल्या मुलांना मोठ्याने सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलं तर घरात कळेल या धास्तीने आणखी लवकर पैसे भरतील.

आता सिगरेटचं. ‘दिवसाला चारवर आलो’ यात आम्ही सगळेच खूश होतो. डॉक्टरांनी समजावलं की हृदयाच्या बाबतीत हिशोब तसा चालत नाही, रोज एकच सिगरेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे कमी करणं ही वाट झाली, पोचायचं ठिकाण बंद करणं हेच. त्यांनी निकोटिनचं च्युइंगम सुचवलं. दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, चार मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीने. ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं. झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की परत चावायचं, आणि तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही. मिस्टरांना आधी हे माहीत नसल्याने उचक्या लागायच्या, आता जमलंय.

आणि तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, 1800-11-2356. मराठीत बोलता येतं, समुपदेशक स्वतःहून परत फोन करून विचारपूस करतात. हा क्रमांक 2018 पासून सिगरेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. मिस्टर सुट्या सिगरेट घ्यायचे नाहीत, पाकीटच घ्यायचे, म्हणजे तो रोज त्यांच्या खिशात होता. पण त्या पाकिटावरच्या भयानक चित्राकडे कुणी नीट पाहत नाही, त्यामुळे खालचा आकडाही वाचला जात नाही.

ते पेज बंद पडलं, पण त्याच कोटवाल्याचा फोटो लावून दुसऱ्या नावाने पुन्हा दिसलं. आम्ही त्याची माहिती पोलिसांना दिली आहे. तुम्हाला असा ‘कोर्स’ दिसला तर पैसे भरू नका आणि आधारचा फोटो तर कुणालाच पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, ज्या आयडीवर पैसे गेले तो, आलेल्या फोनचे नंबर, पीडीएफ, पार्सलचं खोकं आणि स्टिकरसकट पाकिटं जपून ठेवा. आधी 1930 लावा, तिथून मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सोबत घरातलं कुणीतरी न्या.