पायरेट बर्थडे: रेडीमेड किट की घरचा जुगाड?

लेकीच्या वेळी ऑनलाइन किट मागवलेलं, यंदा लेकाला सगळं घरीच केलं, म्हणून दोन्हीचं सांगते. किटमध्ये बॅनर, फुगे, डोळ्यावरच्या पट्ट्या सगळं एकत्र येतं, वेळ वाचतो हे खरंय, पण पट्ट्यांचं इलॅस्टिक केक कापायच्या आधीच तुटलं आणि निम्मं सामान दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. घरी काळा कार्डपेपर, मीटरभर इलॅस्टिक आणि स्टेपलर, झालं काम. फक्त पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि वरून सेलोटेप लावा, नाहीतर डोळ्याला टोचेल.

नकाशा तर घरचाच भारी! कागद चुरगाळायचा, गार झालेल्या कोऱ्या चहात बुडवायचा, पंख्याखाली वाळवायचा, एकदम जुनापुराणा दिसतो. खजिना म्हणजे बुटांचा खोका, आत सोनेरी कागदातली नाण्यांची चॉकलेटं, लपवला कुठे तर वॉशिंग मशीनमागे.

हां, दोन संध्याकाळी जातात. तेवढा वेळ नसेल तर फुगे-बॅनर विकत आणा, बाकी घरी करा. आणि आजोबांनी मध्येच सांगितलं की इंग्रज आपल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही पायरेटच म्हणायचे, मग काय, अर्धी गँग लगेच आरमारात भरती!