मिटमप्रॉक्सी डॉकरमध्ये चालवताना

मोबाईल ॲप सर्व्हरशी नेमके काय बोलते हे तपासण्यासाठी मी मिटमप्रॉक्सी (ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून त्यांची देवाणघेवाण दाखवणारे साधन) डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्राम त्याच्या गरजेच्या गोष्टींसह वेगळा चालवणाऱ्या पेटीत) वापरतो आणि लॅपटॉपवर पायथनचा पसारा न मांडता तो एका कमांडमध्ये सुरू होतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. त्याच्या प्रमाणपत्रांचे (फोनने प्रॉक्सीवर विश्वास ठेवावा म्हणून लागणाऱ्या फाइल्सचे) फोल्डर मात्र व्हॉल्यूम म्हणून, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोल्डरशी, बाहेर जोडावेच, कारण तसे न केल्यास कंटेनर काढून टाकताच जुने प्रमाणपत्र जाते, पुढच्या वेळी नवे तयार होते आणि ते फोनवर पुन्हा बसवेपर्यंत एचटीटीपीएसच्या (कूटबद्ध) विनंत्या अडून राहतात. प्रॉक्सीचा पोर्ट ८०८०, वेब इंटरफेसचा (पकडलेल्या विनंत्या ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या पानाचा) ८०८१. या इंटरफेसला कंटेनरच्या आत ०.०.०.० हा होस्ट (म्हणजे सर्व पत्त्यांवर ऐकणे) द्यावा लागतो. बाहेर मात्र तो पोर्ट १२७.०.०.१ वरच (म्हणजे फक्त याच लॅपटॉपपुरता) उघडावा, कारण या इंटरफेसमध्ये पासवर्डसुद्धा उघडे वाचता येतात.