संभाव्य मत्स्यक्षेत्र सूचना सेवा: उपग्रहाचे काम चोख, बंदरावरचे काम विद्यापीठांकडे बाकी

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या ‘इन्कॉइस’कडून, मच्छीमारांना ‘संभाव्य मत्स्यक्षेत्र’ सूचना विनामूल्य दिली जाते. संकेतस्थळ, मोबाइल अॅप, लघुसंदेश अशा अनेक मार्गांनी ही सूचना मिळते आणि ती मराठीतही उपलब्ध असते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रह टिपतात. जिथे उबदार व थंड पाण्याची सीमा तयार होते आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढलेले असतात, तिथे लहान मासे चरायला येतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात, या साध्या तत्त्वावर ही सेवा उभी आहे. सूचनेत बंदराचे नाव, तिथून दिशा, अंतर किलोमीटरमध्ये, पाण्याची खोली मीटरमध्ये आणि अक्षांश-रेखांश दिलेले असतात. तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, ते जीपीएसमध्ये घातले की नौका त्या जागी पोहोचू शकते.

सेवा म्हणून तिची पहिली बाजू निर्विवाद आहे. यांत्रिक नौकेच्या फेरीत डिझेलचा खर्च सर्वांत जड असतो आणि मासळी शोधत फिरण्यातच त्यातील बराच भाग जातो. शोधाचा टापू आधीच आखून मिळाला की ते फिरणे कमी होते. कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, स्वतंत्र सूचनाही दिली जाते, आणि खोल समुद्रात जाणाऱ्यांना ती विशेष उपयोगी आहे.

तरीही मला याच संस्थेची दुसरी सेवा अधिक मोलाची वाटते: लाटा, वारा आणि प्रवाह यांचा अंदाज, आणि उंच लाटांचा इशारा. नोव्हेंबर 2009 मधील फयान, 2017 चे ओखी, 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलेले निसर्ग आणि मे 2021 मधील तौक्ते या चक्रीवादळांची नावे कोकणातील कोणत्याही कोळीवाड्यात आजही काळजीने घेतली जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. मोबाइलचा संपर्क किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तुटतो. म्हणून ओखीनंतर, 2019 मध्ये, उपग्रहाद्वारे इशारे पोहोचवणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आणले गेले. ते संदेश घेऊ शकते, परंतु नौकेवरून उत्तर पाठवू शकत नाही. ही उणीव असूनही, खोल पाण्यातील माणसापर्यंत वादळाची वार्ता वेळेत जाणे ही फार मोठी गोष्ट आहे.

आता मर्यादांकडे येतो. आकाश ढगाळ असेल तर उपग्रहाला पाण्याचे तापमानही दिसत नाही आणि रंगही दिसत नाही, त्यामुळे सूचना तयार होत नाही. सर्वसाधारण सूचनेत त्या जागी बांगडा असेल की सुरमई, आणि किती असेल, हे सांगितलेले नसते. नौका पोहोचेपर्यंत प्रवाहाबरोबर तो पट्टा सरकलेलाही असतो. खोली मीटरमध्ये दिली जाते आणि जुन्या तांडेलांचा हिशेब वावांत, म्हणजे हात पसरून मोजायच्या जुन्या मापात, चालतो. ही अडचण लहान असली, तरी पहाटेच्या घाईत ती जाणवते. याहून मोठी गोष्ट अशी की किनाऱ्यावरील फार मोठ्या वर्गाला या सूचनेचा उपयोगच होत नाही. सातपाटी, वसई, वर्सोवा या भागांतील डोल जाळे समुद्रात एका जागी रोवलेले असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाण-भांगाचे, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे, गणित हेच त्याचे पंचांग. जाळे हलवता येत नाही, तेव्हा मासळी 40 किलोमीटरवर आहे हे कळून उपयोग काय? मालवणकडचा, किनाऱ्यावरून जाळे ओढणारा रापणकर, खाडीत कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले काढणाऱ्या स्त्रिया, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवणारी कुटुंबे यांनाही ऋतुबदलाची झळ तितकीच बसते. डिसेंबरमध्ये अवकाळी सर आली की वाळत घातलेला माल हातचा जातो, आणि त्याबद्दल मत्स्यक्षेत्राचा नकाशा काहीच सांगू शकत नाही.

हा दोष हैदराबादच्या केंद्राचा आहे असे मी म्हणणार नाही. उपग्रहाच्या आधारे संपूर्ण देशाच्या किनाऱ्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने प्रत्येक बंदराचे जाळे आणि प्रत्येक खाडीचे पाणी ओळखावे ही अपेक्षा अवाजवी आहे. ती ओळख किनाऱ्यावरील विद्यापीठांकडे असायला हवी. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून कार्यरत आहे. त्याचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था अभिमत विद्यापीठाच्या दर्जाने काम करते. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवले जाते. मनुष्यबळ आहे, ज्ञान आहे, बंदरेही हाकेच्या अंतरावर आहेत.

विद्यापीठाने नेमके काय करावे, याचे एक ठोस उदाहरण अमेरिकेच्या ओरेगन राज्यात आहे. तिथल्या व्हिस्की क्रीक या कालवांच्या बीजोत्पादन केंद्रात 2007 च्या सुमारास कालवांची पिल्ले मोठ्या प्रमाणात मरू लागली. ओरेगन राज्य विद्यापीठातील बर्क हेल्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी केंद्रात येणाऱ्या पाण्याचेच मोजमाप केले, आणि खोल समुद्रातून वर येणारे अधिक आम्लधर्मी पाणी हे मृत्यूंचे कारण असल्याचे दिसून आले. दुपारनंतर, सागरी वनस्पतींनी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतल्यावर, टाक्या भरणे आणि पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून आम्लता कमी करणे, असे हाताशी असलेले उपाय केंद्राने स्वीकारले आणि उत्पादन सावरले. इथे शास्त्र व्यावसायिकाच्या टाकीपर्यंत गेले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे यासाठी नवी योजना काढण्याचीही गरज नाही. मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीत अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभव घ्यावा लागतो. तो अनुभव हर्णै, मिरकरवाडा, देवगड अशा बंदरांवर, लिलावाच्या वेळी, हातात नोंदवही घेऊन झाला तर? त्या दिवशीची सूचना कोणती होती, कोणती नौका तिथे गेली, कोणते जाळे टाकले, कोणती मासळी किती आली, रिकामी कोण परतली, याची नोंद काही हंगाम सलग राहिली, तर सूचनेची खरी उपयुक्तता बंदरनिहाय कळेल आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनाही ती सुधारता येईल. उपग्रह आजचा समुद्र दाखवतो. ऋतुबदल समजण्यासाठी मात्र वीस-तीस वर्षांची सलग स्मृती लागते. केरळमध्ये तारली या माशाचे उत्पादन 2012 मध्ये 3.9 लाख टन होते आणि 2021 मध्ये ते अवघ्या 3,297 टनांवर आले, हे आपल्याला सांगता येते ते कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे उतरलेल्या मासळीची मोजदाद ठेवली म्हणून.

आणखी एक जबाबदारी विद्यापीठांनी न कचरता घ्यावी. मासळी शोधून देणारी कोणतीही सेवा ती लवकर संपवण्याचेही साधन होऊ शकते. एकाच पट्ट्यावर मासळीच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन नौका आणि पाण्यात उभे जाळे लावणारे लहान गिलनेटवाले दोघेही पोहोचले, तर कोणाचा वाटा उरतो हे सांगायला नको. पापलेटला सप्टेंबर 2023 मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमानही ठरवले गेले. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. मत्स्यक्षेत्राच्या सूचनेसोबतच त्या हंगामात कोणती पिल्ले जाळ्यात येण्याचा संभव आहे आणि जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राचा, आकार किती ठेवावा, हेही मराठीत सांगितले गेले पाहिजे. हा सल्ला स्थानिक नोंदींशिवाय देता येणार नाही.

यांत्रिक नौकेच्या मालकाने ही सेवा जरूर वापरावी, आणि मत्स्यक्षेत्र पाहण्याआधी लाटांचा अंदाज पाहावा, अशी माझी शिफारस आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी तिला देतो. उरलेला दीड किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या हाती आहे. जून आणि जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेल, खलाशी जाळी विणत गावातच असतात. प्राध्यापकांनी मागील हंगामाच्या नोंदी घेऊन याच दिवसांत कोळीवाड्यात यावे, कोणत्या सूचना खऱ्या ठरल्या आणि कोणत्या फसल्या हे नकाशावर दाखवावे, आणि पुढच्या वर्षी काय मोजायचे हे मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत, डोलकर, रापणकर आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना विचारून ठरवावे.