दाखवला एक, दिला दुसरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली. सूत बोटांत फिरवून त्याची जाडी, सोळाचं की विसाचं, ते मी डोळे मिटून सांगतो. अशा माणसाला दोरी आणि फिरकीच्याच मालात 9,200 रुपयांची टोपी बसली. बायको, कारखाना आणि जवळचे मित्र सोडून बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात कळलं की त्याच माणसाने, त्याच काठावर, तीच गोष्ट करून आणखी एकाला गंडवलं. म्हणून लिहितोय.

आधी सोलापूरच्या माणसाला मासे धरायचा लांब फेकणारा रॉड कशाला पाहिजे, ते सांगतो. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं की बॅकवॉटरचं पाणी काठापासून लांब सरकतं. चिखलाच्या पुढे उताराला खोलीच नसते. चाळीस मीटरवर गळ टाकला तर तो गुडघाभर पाण्यात पडतो, आणि तिथे चिलापीची पिल्लं सोडून काही नसतं. केत्तूरकडे भोई लोक होडीने आत जातात, आम्ही हौशे नुसते काठावर बसून बघतो. दुसरं कारण रत्नागिरीचं. चुलतभावाची सासुरवाडी तिकडची. भाट्याच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गळ पडला पाहिजे, हे त्याने मला दहा वेळा सांगितलं होतं. माझा जुना सात फुटी रॉड तिथवर पोचायचा नाही.

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण असतो. तुळजापूर रोडच्या बाजूचा काठ. तिथे मागच्या दिवाळीनंतर एक चाळिशीचा माणूस यायला लागला. खिशाखिशांचं जाकीट, तोंडाने गोड, सगळ्यांना 'मालक'. त्याच्याकडे दहा फुटी, दोन तुकड्यांचा काळा रॉड आणि त्यावर 4000 साइजचं रील. त्याने फेकलं की दोरी सुईई करून जायची आणि शिसं कुठे पडलं ते नुसतं पाण्यावरच्या ठिपक्यावरून कळायचं. मग तो रीलची मूठ फिरवत मोठ्याने मोजायचा. एकशे तेरा, एकशे चौदा, एकशे पंधरा. "एका फिरकीला एक मीटर, मालक. करा हिशोब."

मी हिशोब केला नाही, हीच चूक. सुताची कांडी रिकामी होत आली की तिचा घेर कमी होतो आणि एका फेऱ्यात कमी सूत येतं, हे मी रोज बघतो. रीलच्या स्पूलचंही, म्हणजे दोरी गुंडाळलेली असते त्या भागाचंही तेच. निम्मी दोरी पाण्यात असताना एका फिरकीला मीटर येत नाही. शिवाय हवेत दोरीला झोळ असतो, तोही मोजला जातो. त्याचे 115 खरे नव्वदच्या आसपास असतील. आणि तो 60 ग्रॅमचं नुसतं शिसं फेकत होता, गळ नाही, चारा नाही. आम्ही पेंडीचा गोळा लावून फेकतो. गोळ्याला वारा अडतो आणि जोरात मारलं तर तो हवेतच सुटतो.

तीन रविवार त्याने नुसतं बघू दिलं. चौथ्या रविवारी रॉड माझ्या हातात दिला. "घ्या की मालक, मारून बघा. बघायला काय पैसे पडतात का ओ?" मी मारलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून शिसं इतकं लांब गेलं. रॉड मागे नेला की शिशाच्या वजनाने तो वाकतो, तो ताण हाताला कळतो, आणि पुढे आणला की सगळा एकदम सुटतो. ते एकदा हाताला लागलं की माणूस संपला. मी संपलो.

"असलाच देतो. कस्टममधून सुटलेला लॉट हाय. मुंबईत एकोणीस हजाराखाली हात लावू देत नाहीत. रॉड, रील, तीनशे मीटर ब्रेडेड दोरी, सगळं मिळून नऊ हजार दोनशे."

"बिल?"

"बिल घेतलं तर जीएसटी तुमच्या बोकांडी. आपल्यात कशाला?"

पुढच्या रविवारी तो सीलबंद खोकी घेऊन आला. वर एका नामांकित जपानी कंपनीचं नाव. मी सील काढायला लागलो तर म्हणाला, "इथं फोडू नका, वॉरंटी जाते. घरी निवांत उघडा." बिल नसलेल्या मालाला वॉरंटी कसली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाच हजार यूपीआयने, बाकी रोख. त्याचा स्वतःचा रॉड त्याच्या खांद्यावरच होता. माझ्या डोळ्यांसमोर तोच होता, खोक्यातला नव्हता.

घरी उघडलं तेव्हा दिसायला सगळं तसंच. काळा रंग, लाल रेघ, 20 ते 60 ग्रॅम असं छापलेलं. पण पहिल्या रविवारी 30 ग्रॅमचं शिसं लावून मारलं तर जेमतेम पन्नासएक मीटर. तो हसला. "हात बसायला वेळ लागतो, मालक." मला ते पटलं, कारण चूक आपलीच असेल असं मानायची आपल्याला सवय असते.

जानेवारीत रत्नागिरीला गेलो. भाट्याच्या वाळूवर पहाटे भरती चढत असताना पहिला तास बरा गेला. मग वरून दुसऱ्या रिंगेतलं चिनी मातीचं कडं निखळून पडलं आणि दोरी नुसत्या पत्र्यावर घासायला लागली. दोन फेकींत दोरी तुटली, शिसं समुद्रात. नवीन बांधलं. रीलची मूठ उलटी फिरायला लागली, म्हणजे मासा ओढेल तेव्हा आपण काहीच करायचं नाही. शेवटी 50 ग्रॅम लावून जोर दिला तर जोडाच्या वर वीतभर अंतरावर काडकन आवाज झाला. छापलेल्या मर्यादेच्या आतलं वजन, आणि रॉडचे दोन तुकडे.

तुटलेलं टोक बघितलं तेव्हा पोटात खड्डा पडला. आतून पांढरं, पिवळसर धाग्यांचं. कार्बन तुटला तर आतून काळा असतो. हा फायबरग्लास, वरून काळा रंगवलेला. खात्रीसाठी सोलापुरात आल्यावर कारखान्याच्या वायरमनला मल्टिमीटर लावायला लावला. कार्बनमधून वीज जाते (म्हणूनच ढग गडगडत असताना किंवा विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरायचा नसतो), काचेच्या धाग्यातून जात नाही. काटा हलला नाही. वायरमन म्हणाला, "साहेब, निदान विजेला तरी भ्यायचं कारण नाही." सगळं खातं हसलं.

मग मी चिडून सगळंच तपासलं. सुताच्या काट्यावर रॉडचे तुकडे ठेवले. खोक्यावर 235 ग्रॅम, काट्यावर 410. एवढा जड रॉड वाकून परत यायला आळशी असतो, म्हणून फेक कमी पडत होती. उरलेली दोरी आणि समुद्रात गेली त्याचा अंदाज यांचा मेळ बसेना, तेव्हा तशाच दोरीची न उघडलेली दुसरी रीळ काढली. एका मित्राने त्याच माणसाकडून घेतली होती. सुताचा काउंट, म्हणजे जाडी तपासायच्या रॅप रीलवर ती चढवली. रॅप रीलचा घेर दीड यार्ड. तीनशे मीटरला 219 फेरे यायला पाहिजेत. 137 ला संपली. म्हणजे 188 मीटर.

फेक कमी पडायचं अर्धं कारण इथेच होतं. स्पूल काठोकाठ भरलेलं लागतं, कडेपासून फार तर दोनेक मिलिमीटर खाली. माझं बोटाच्या पेरभर खाली होतं. दोरी सुटताना प्रत्येक वेढा कडेवर घासून वर चढायचा, आणि प्रत्येक घासणीला अंतर कापलं जायचं. कडेला नखाला लागेल असा खरबरीतपणा होता तो वेगळाच.

यात सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? हे असलं रील, ज्याचं स्पूल स्थिर राहतं आणि दोरी त्याच्या तोंडावरून सुटते, त्याचं पेटंट 1905 साली घेतलं ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव आणि हा गिरणीवाल्यांपैकी. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना बघून त्याला हे सुचलं, असं म्हणतात. म्हणजे वस्तू आमच्याच धंद्यातून निघालेली. बॉबिनची कड खरबरीत असली की सूत तुटतं, मार्गातल्या चिनी मातीच्या गाईडला तडा असला की सूत कापतं, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. कापसाचा बोळा गाईडमधून फिरवायचा, तडा असला तर तंतू अडकतो. रॉडच्या रिंगांना हेच करायला काठावर मला दोन मिनिटं लागली असती. बोळा तर खिशात होता, कानातला!

रीलही उघडलं. वर स्टिकर '13+1 बेअरिंग'. आत तीन सापडल्या, बाकी प्लास्टिकचे बुश. आणि माझ्या रीलवरचा सिरियल नंबर आणि मित्राच्या रीलवरचा नंबर एकच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

फोन केला. आधी म्हणाला समुद्राच्या पाण्याने होतं. मग म्हणाला तुम्ही जास्त वजन लावलं. मग म्हणाला मी तर कंपनीचं नाव तोंडाने घेतलंच नाही, खोक्यावर होतं. ते मात्र खरं होतं. त्याने कधीच नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर नंबर ब्लॉक.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवायला बसलो तर विक्रेत्याचं नाव आणि पत्ता लिहायच्या जागी माझ्याकडे काहीच नव्हतं. यूपीआयवर पैसे गेले ते नाव एका बाईचं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, पण नोटीस धाडायची कुठे? रोख दिलेल्या 4,200 चा तर पुरावाच नाही. सगळे सल्ले देणारे मित्र इथे गप्प झाले. यूपीआयची पावती, खोक्यांचे आणि दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो जपून ठेवलेत. तुमच्यापैकी कुणाकडे तोच नंबर असेल तर एकत्र जाता येईल. दिवाळीनंतर हिप्परग्याला काळा रॉड घेतलेल्यांनी खोकं काढून बघाच.

गेल्या रविवारी तो दिसला. आमच्या काठाला येत नाही आता, पार पलीकडे होता. एका पोराच्या हातात रॉड दिला होता, स्वतः मूठ फिरवत मोजत होता, आणि बाजूला दोन खोकी. मी गाडी तिकडे घातली. त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पोराला म्हटलं, "घे बाबा, घ्यायचा तर घे, पण खोकं इथंच उघड. आणि तुझ्या हातात आहे तोच रॉड माग."

पोराने सीलला हात घातला. त्याच क्षणी आमच्या मालकांना कुणाचातरी फोन आला. खोकी उचलून, कानाला मोबाइल लावून, ते स्कूटरकडे निघाले. मोबाइलचा स्क्रीन काळा होता.