चोवीस तासांची मावशी: ब्यूरोचा सात महिन्यांचा अनुभव

आई 84 वर्षांची. जानेवारीत बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. भाऊ स्टुटगार्टला, मी कोथरूडला आणि नोकरी बँकेत. म्हणून एका ब्यूरोकडून चोवीस तासांची मावशी घेतली. ब्यूरोचं नाव लिहीत नाही. करार चालू आहे आणि बदली लागली की त्यांच्याच हातापाया पडावं लागतं.

महिन्याला 27 हजार, वर 3 हजार रजिस्ट्रेशन. 'ट्रेन्ड स्टाफ' म्हणून पहिली मुलगी आली, तिला बेडपॅन कसं लावतात हेही माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी न सांगता गेली. मग निलंग्याकडच्या मावशी आल्या. जुनी सुती साडी चौपदरी करून त्या आईच्या कमरेखाली सरकवतात आणि तीच ओढून तिला अलगद कुशीवर वळवतात. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सात महिन्यांत पाठीला एक जखम नाही. हे ब्यूरोनं शिकवलेलं नाही बरं का, सासूच्या आजारपणात शिकल्या.

त्यांच्या हातात 27 पैकी 19 पडतात. जूनमध्ये ताप आला म्हणून आठ दिवस गावी गेल्या, तर आठही दिवसांचे पैसे कापले. पीएफ, ईएसआयचं विचारलं तर ऑफिसातला माणूस म्हणतो, "मॅडम, आम्ही फक्त गाठ घालून देतो." मग दर महिन्याचे 8 हजार कसले? बदली आली तिसऱ्या दिवशी. तोवर घरी मी. बाळंतपणाला कायद्यानं 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आईच्या खुब्यासाठी मात्र माझी साठवलेली रजा मोडायची.

आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात दाखल झालं तर. घरातल्या मावशीसाठी, डायपरसाठी त्यातून एक रुपया निघत नाही, आणि आमचा खरा खर्च तोच. तिकडे भावाच्या पगारातून शुश्रूषा विम्याचा हप्ता कापतात. जर्मनीत हा विमा 1995 पासून आहे. मूल नसलेल्याला हप्ता जास्त, याला दोन लहान मुलं म्हणून थोडा कमी. घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईचा काही खर्च त्यातून मिळतो, अर्थात तिकडच्या म्हाताऱ्यांना. आईच्या खर्चाचे निम्मे पैसे भाऊ हा हप्ता कापून उरलेल्या पगारातून मला पाठवतो.

कुणाला ब्यूरो घ्यायचाच असेल तर बदली किती तासांत देणार ते लेखी घ्या आणि मावशीच्या हातात किती पडतात ते तिलाच विचारा. आमच्या करारात बारीक अक्षरात एक कलम आहे: मावशीला परस्पर कामावर ठेवलं तर दोन महिन्यांचं कमिशन दंड. म्हणजे 16 हजार. भावाला कालच सांगितलं, या महिन्यात आठ हजार जास्तीचे पाठव.