स्टील पल्स की यूबी४०: मार्लीनंतर कुठला बँड धरावा?

बॉब मार्ली ऐकून ऐकून पाठ झाला की पुढे काय, हा प्रश्न रेगे ऐकणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. जमैकातली जुनी मंडळी शोधत बसायचं की इंग्लंडकडे वळायचं? इंग्लंडकडे वळणार असाल तर बर्मिंगहॅमपासून सुरुवात करा, असं मी सुचवेन. लंडनचा ‘अस्वाद’ हा बँड मलाही आवडतो, पण तो नंतर. बर्मिंगहॅमला दोन मोठी नावं आहेत आणि दोघांचेही पहिले अल्बम अजून ताजे वाटतात: स्टील पल्सचा ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’ (१९७८) आणि यूबी४०चा ‘साइनिंग ऑफ’ (१९८०). आधी कुठला घ्यावा, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

दोघांचं शहर एक, संतापही बराचसा एकच. १९६८ साली इनॉक पॉवेल या राजकारण्याने स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं ते याच शहरात. १९७६ साली गिटारवाला एरिक क्लॅप्टन याच शहराच्या स्टेजवर दारूच्या नशेत परदेशातून आलेल्यांना हाकलून द्या म्हणून बरळला. दोनच वर्षांपूर्वी मार्लीचं गाणं गाऊन याच गृहस्थाने अमेरिकेत पहिला नंबर मिळवला होता! त्या प्रकारानंतर ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ची चळवळ उभी राहिली. त्यात भर म्हणजे कारखाने बंद पडत होते आणि पोरं बेकार फिरत होती.

स्टील पल्स बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या शाळकरी मित्रांचा, १९७५चा. नव्वदीत ज्यांनी टीव्हीवर अपाची इंडियन पाहिलाय त्यांनी लक्षात घ्यावं, तोही याच हँड्सवर्थचा. कॅरिबियन आणि पंजाबी घरं तिथे शेजारी शेजारी. डेव्हिड हाइंड्स आणि बेसिल गॅबिडन यांनी मार्लीच्या वेलर्स बँडचा ‘कॅच अ फायर’ ऐकला आणि बँड काढला. गंमत म्हणजे त्यांच्या रास्ताफारी (मार्लीचाही तोच जमैकन पंथ) विचारांमुळे कॅरिबियन क्लबच त्यांना कार्यक्रम देईनात. जागा दिली ती पंक मंडळींनी. कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांच्या टोळीवरचं गाणं हे लोक स्टेजवर क्लॅनचेच टोकदार बुरखे घालून गात. पहिला अल्बम आला त्याच १९७८ साली ते मार्लीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होते.

यूबी४०ची स्थापना १९७८च्या अखेरीस झाली. आठ जण, गोरे-काळे मिसळलेले, बहुतेक बेकार. बेकारी भत्त्याच्या हजेरीकार्डाचा जो नंबर, तेच बँडचं नाव, आणि पहिल्या अल्बमचं कव्हर म्हणजे ते पिवळं कार्डच. अली आणि रॉबिन या कॅम्बेल भावांचे वडील स्कॉटिश लोकसंगीत गाणारे. म्हणजे घरात लोकगीतं आणि बाहेर मोहल्ल्यात स्का, रॉकस्टेडी हे रेगेच्या आधीचे जमैकन प्रकार. काहींना तर बँड काढला तेव्हा वाद्य धड वाजवताही येत नव्हतं. प्रिटेंडर्स या रॉक बँडच्या क्रिसी हाइंडने त्यांना एका पबमध्ये ऐकलं, आपल्या दौऱ्यावर नेलं आणि गाडी सुटली ती सुटलीच. पहिलंच सिंगल ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरवर गेलं.

आता आवाजाबद्दल. इथे मी यूबी४०ला चक्क झुकतं माप देईन. ‘साइनिंग ऑफ’ हा बॉब लॅम्ब नावाच्या निर्मात्याच्या घरात, साध्या आठ ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड झाला, आणि तरी त्यात जी खोली आहे ती पुढे महागड्या स्टुडिओतही त्यांना परत सापडली नाही, असं माझे कान सांगतात. ब्रायन ट्रॅव्हर्सचा सॅक्सोफोन एखाद्या रिकाम्या गोदामात वाजावा तसा येतो. ‘टायलर’ या पहिल्याच गाण्यात गॅरी टायलरची हकीकत आहे. लुईझियानातला हा काळा मुलगा. सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला १९७५ साली खुनासाठी दोषी ठरवलं. तो सुटला २०१६ साली. ते गाणं ऐकताना हे माहीत असलं की बेसचा प्रत्येक ठोका जड होत जातो.

‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’चा निर्माता कार्ल पिटरसन, मार्लीच्या ‘एक्सोडस’चा इंजिनिअर. त्यामुळे आवाज स्वच्छ आणि आखीव. रेगेतला वन ड्रॉप म्हणजे काय ते या अल्बमवर शिकावं: पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि वजन तिसरीवर टाकायचं. आपल्याला समेवर मान डोलावायची सवय, त्यामुळे सुरुवातीला पाऊल अडखळतं. एकदा जमलं की मग साधा चार ठोक्यांचा ताल बेचव वाटायला लागतो. ‘प्रेडिक्शन’च्या सुरुवातीला साध्या गिटारवर जे स्पॅनिश वळणाचं वाजतं ते तर मी नुसतं तेवढंच मागे नेऊन नेऊन ऐकलंय. मागून येणारे आवाज इतके बांधलेले आहेत की हे पोरांचं पहिलं काम आहे यावर विश्वास बसत नाही. ब्रिटनच्या यादीत हा अल्बम नवव्या नंबरपर्यंत गेला. ‘साइनिंग ऑफ’ दुसऱ्या.

इथपर्यंत सामना बरोबरीचा, कदाचित यूबी४० किंचित पुढेच. मग माझं मत कशामुळे फिरलं? खरं तर एका फालतू चिडचिडीमुळे.

मी बहुतेक गाणी फोनवरच्या अ‍ॅपवर ऐकतो. ‘साइनिंग ऑफ’ लावायचा, दिवे घालवायचे. शेवटाकडे ‘मॅडम मेड्युसा’ येतं, थॅचरबाईंवरचं, बारा मिनिटांच्याही वर चालणारं. हळूहळू विरघळत जाणारं डब (गाणं सोलून त्यात घुमारे भरण्याचा रेगेतला प्रकार), शेवटी नुसता बेस आणि प्रतिध्वनी उरतो. आपण त्या अंधारात पूर्ण बुडालेले असतो, आणि अल्बम संपताच अ‍ॅप स्वतःच्या मनाने पुढचं लावतं: ‘किंग्स्टन टाऊन’. नाहीतर ‘रेड रेड वाइन’. लग्नाच्या रिसेप्शनला बुफेच्या रांगेत वाजतं ते. दर वेळी हेच. अ‍ॅपचा दोष म्हणावा तर तेही पूर्ण खरं नाही, कारण घरी कुणी आलं आणि मी यूबी४० लावला की तेही पाच मिनिटांत विचारतात, “अरे, रेड रेड वाइन लाव ना.” बँडचं नाव काढलं की ते गाणं येणारच. त्यातून सध्या यूबी४० दोन आहेत. २००८ साली अली बाहेर पडला, पुढे बँडमधलेच अ‍ॅस्ट्रो आणि मिकी व्हर्च्यू त्याला जाऊन मिळाले, नावावरून कोर्टकचेरी झाली. त्यामुळे शोधायला गेलं की कुठल्या यूबी४०चं नवीन गाणं समोर आलंय ते आधी तपासा. मला ऐकताना हा हिशेब नको वाटतो.

स्टील पल्सचं असं होत नाही. ‘हँड्सवर्थ’ संपल्यावर अ‍ॅप जे काही लावतं ते निदान त्याच गावचं असतं. ‘ट्रिब्यूट टू द मार्टर्स’मधलं काही येतं, ‘ट्रू डेमोक्रसी’ (१९८२) मधलं येतं. क्वचित ‘रोलर स्केट्स’ येतं, ते हलकंफुलकं आहे, पण रस्ता तोच.

यूबी४०वर अन्याय नको. ‘लेबर ऑफ लव्ह’ (१९८३) हा दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम त्यांनी नुसता पैशासाठी काढला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. पोरवयात ज्या रेगे गाण्यांवर नाचले तीच त्यांनी गायली. जिमी क्लिफचं, एरिक डोनाल्डसनचं गाणं जगभर घरोघरी पोचवलं. ‘रेड रेड वाइन’ मुळात नील डायमंडचं असलं तरी यांच्या कानावर होतं ते टोनी ट्राइबने १९६९ साली गायलेलं रेगे रूप. शिवाय दुसऱ्याचं गाणं तर ‘साइनिंग ऑफ’वरही आहे, रँडी न्यूमनचं. आणि १९८१ साली दर दहातला एक बेकार आहे हे ‘वन इन टेन’मधून रेडिओवर ऐकवणारा बँड हाच. अडचण एवढीच की अलीचा आवाज इतका गोड आहे की शब्द कानावरून घसरून जातात. ‘फूड फॉर थॉट’ भुकेने मरणाऱ्या माणसांवरचं गाणं आहे, आणि लोक ते ग्लास हातात घेऊन मजेत गुणगुणतात.

स्टील पल्सही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ऐंशीच्या मध्यात त्यांच्यावरही सिंथेसायझरचं भूत बसलं. ज्या ‘बॅबिलॉन द बँडिट’ला ग्रॅमी मिळालं (जमैकाबाहेरच्या बँडला रेगेचं हे पहिलंच), तो माझ्या मते त्यांच्या चांगल्या अल्बममध्ये बसत नाही. कधी कधी हाइंड्स प्रवचनावर उतरतो. २००४ नंतर थेट २०१९ साली अल्बम आला, म्हणजे वाट बघायची तयारी हवी. पण माणूस बोलतो तसं वागतो. न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले काळ्यांना आणि जटावाल्यांना बसवून घेत नाहीत म्हणून बँडने १९९२ साली तिथल्या टॅक्सी कमिशनवर दावाच ठोकला होता. पुढच्या वर्षी हेच लोक क्लिंटनच्या शपथविधीच्या सोहळ्यात वाजवत होते.

तेव्हा गाडीत, घरच्या मंडळींबरोबर, गप्पा मारत ऐकायचं असेल तर यूबी४० घ्या, आणि सरळ ‘लेबर ऑफ लव्ह’च घ्या, लाजायचं कारण नाही. एकच अल्बम ऐकून थांबणार असाल तरी ‘साइनिंग ऑफ’ला मी नाही म्हणणार नाही. पण मार्लीनंतर पुढची दोन-तीन वर्षं पुरेल असा बँड हवा असेल तर मी आपला स्टील पल्सकडे बोट दाखवेन. ‘हँड्सवर्थ’ आधी, मग ‘ट्रू डेमोक्रसी’, मधले नंतर सवडीने.

तबकडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘साइनिंग ऑफ’च्या मूळ प्रतीबरोबर तीन गाण्यांची दुसरी तबकडी येते, ‘मॅडम मेड्युसा’ तिच्यावरच आहे, आणि ती ४५च्या वेगाने लावायची असते. जुनी प्रत घेताना पाकिटात हात घालून ती आहे ना ते बघा, बऱ्याचदा आधीच्या मालकाने हरवलेली असते. ‘हँड्सवर्थ’ला ही भानगड नाही. एक तबकडी, आठ गाणी.