कटिंग मशीनचे पार्ट: ओरिजिनल कुठे, लोकल कुठे? पावसाळा ते लग्नसराईपर्यंतचा अनुभव

‘ओरिजिनल मागवू की लोकल चालेल?’ हा प्रश्न अख्ख्या मशीनसाठी एकदाच विचारण्यात अर्थ नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. तो प्रत्येक पार्टसाठी वेगळा विचारायचा आणि असा विचारायचा: हा पार्ट दगावला तर नुकसान कशाचं होणार? कागदाचं, मशीनचं, की माणसाच्या हाताचं?

आमची प्रेस लोअर परळला, औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात. पेपर कटिंग मशीन ११५ सेंमीचं, जर्मन, सेकंडहँड घेतलेलं. हायड्रॉलिक क्लॅम्प (कापताना गठ्ठा दाबून धरणारा), प्रोग्रॅमवर चालणारा बॅकगेज (गठ्ठ्यामागे सरकून माप ठरवणारा अडसर). काम सगळ्या तऱ्हेचं: पावसाळ्यात दिवाळी अंक सुरू होतात, मग कॅलेंडरं-डायऱ्या, मग लग्नपत्रिका. म्हणजे मॅपलिथो (वह्या-पुस्तकांचा साधा कागद), आर्ट पेपर (कोटिंगचा गुळगुळीत कागद), आर्ट कार्ड, डुप्लेक्स बोर्ड (खोक्यांचा जाड पुठ्ठा) सगळं त्याच एका ब्लेडखाली जातं. जूनमध्ये मशीन उघडून मोठं काम काढलं तेव्हा बरेच पार्ट एकदम बदलायला आले. काही कंपनीच्या एजंटाकडून मागवले, काही मुंबईतल्याच नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून आणले, थोडे लोहार चाळीच्या बाजारातून. एकाच मशीनवर दोन्ही प्रकारचा माल एकाच मोसमात चालला, म्हणून तुलना करता आली.

सगळ्यात जास्त पैसा जातो ब्लेडमध्ये, त्यामुळे त्यावरच जास्त लिहिते.

कटिंगचं ब्लेड अख्खं एचएसएसचं (हाय स्पीड स्टील, फार कठीण पोलाद) नसतं. अंग मऊ पोलादाचं आणि धारेपुरती एचएसएसची पट्टी जोडलेली, असा प्रकार असतो. खरा फरक त्या पट्टीत असतो. चांगल्या एचएसएसचा जुना, परिचित प्रकार म्हणजे १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियम. बाजारात ‘लोकल’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे माल मिळतात. एक दुकानदार बिलावर पोलादाचा ग्रेड लिहून देतो आणि हार्डनेसचा रिपोर्ट जोडतो. दुसरा नुसतं ‘एचएसएसच आहे’ असं तोंडी सांगतो. या दुसऱ्या मालात कधी कधी १२ टक्के क्रोमियमचं एचसीएचसी (हाय कार्बन हाय क्रोमियम पोलाद) निघतं. ते पोलाद वाईट आहे असं नाही. वह्यांचा मॅपलिथो कापायला चालून जातं. पण आर्ट पेपरच्या कोटिंगमध्ये कॅल्शियम कार्बोनेट आणि चायना क्ले, म्हणजे खनिजाची भुकटीच असते. दर कटाला धार त्या भुकटीवर घासली जाते आणि तिथे टंगस्टनवालं ब्लेड जास्त टिकतं.

आम्ही ग्रेड लिहून देणाऱ्याकडचं लोकल ब्लेड घेतलं. किंमत ओरिजिनलच्या निम्म्याहूनही कमी. दिवाळी अंकांच्या आतल्या पानांना दोन्हींत फरक शोधूनही सापडला नाही. कव्हरं आणि कॅलेंडरं सुरू झाल्यावर मात्र तो दिसू लागला: ओरिजिनल जेवढं काम एका धारेत ओढायचं, त्याच्या साधारण दोन तृतीयांशावर लोकल ब्लेड धारेला पाठवावं लागलं. धारेची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि ब्लेड बदलताना मशीन उभं राहतं तो वेळ, हे सगळं धरूनसुद्धा आमच्या कामाला लोकल स्वस्तच पडलं. फक्त डिसेंबरात, गिऱ्हाईक दारात बसून कॅलेंडरं मागत असतं तेव्हा, मी ओरिजिनलच चढवते. त्या दिवसांत मशीन बंद ठेवणं परवडत नाही.

धार गेली हे आवाज बदलण्याच्या आधी कागदावर कळतं. कापलेला गठ्ठा ट्यूबलाईटखाली तिरपा धरा. कडेवर वरपासून खालपर्यंत बारीक रेघ दिसली तर धारेला खाच पडली आहे. मग गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा कागद काढून एकावर एक ठेवा आणि कडा नखाने चाचपा. दोघांत फरक लागला तर एक तर धार बोथट आहे, नाहीतर क्लॅम्पचा दाब कमी पडतोय. ताजी धार चढवूनही फरक राहिला, तर ब्लेडला दोष देऊ नका, क्लॅम्पकडे बघा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये नेमकं हेच झालं. नवीन लोकल ब्लेडवर खापर फुटणार होतं, पण काकांनी (आमचे कटिंगवाले, प्रेसमधले सगळ्यात जुने) दोन कागद जुळवून दाखवले. दोष क्लॅम्पच्या सिलिंडरच्या सीलचा निघाला.

ब्लेड कुठलंही घ्या, धार लावणारा कोण आहे याने जास्त फरक पडतो. हे मी जितक्या कळकळीने सांगेन तितकं कमीच आहे. ग्राइंडिंग करताना कूलंट कमी पडलं किंवा एका फेरीत जास्त माल काढला की धारेचं टोक तापतं, निळसर झाक येते आणि तिथला कठीणपणा निघून जातो. डोळ्यांना न दिसणारे तडेही जातात. एका धारवाल्याकडून ओरिजिनल ब्लेड अशी निळी झाक घेऊन परत आलं आणि आर्ट कार्डवर पहिल्याच दिवशी टोकाचे बारीक टवके उडाले. महागड्या पोलादाचा काही उपयोग झाला नाही. आता ब्लेडसोबत चिठ्ठी जाते: कोन २४ अंश, कूलंट पूर्ण, हलक्या हाताने. नेहमीच्या कागदाला २४ अंश ठीक असतात. मऊ कागदाला त्याहून कमी कोन लागतो, कडक बोर्डाला थोडा जास्त. पावसाळ्यात एक काम अजून वाढतं. मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत धारेवर गंजाचे ठिपके येतात, म्हणून पेटीत ठेवण्याआधी तेलाचा हात फिरवायचाच.

कटिंग स्टिक (कागद कापून ब्लेड खाली जिच्यावर टेकतं ती पट्टी) लोकल घ्या, बिनधास्त. चौकोनी स्टिकच्या चार बाजू आणि दोन्ही टोकं फिरवून आठ वेळा वापर होतो, तो लोकल स्टिकचाही होतो. घेताना सपाट लादीवर ठेवून सरळ आहे ना, एवढं बघायचं. वाकडी स्टिक असेल तर शेवटचे दोन-तीन कागद कापलेच जात नाहीत, आणि मग ऑपरेटर ब्लेड आणखी खाली सोडतो, धार विनाकारण स्टिकमध्ये घुसते.

बेअरिंग, ओ-रिंग, व्ही-बेल्ट या गोष्टींवर ‘ओरिजिनल’चे पैसे मोजणं मला पटत नाही. मशीनवाल्याच्या खोक्यातून येणारं बेअरिंगही बेअरिंगच्याच कंपनीने बनवलेलं असतं आणि त्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठेही हेच माप. फक्त बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचं आणि तिच्या अधिकृत डीलरकडूनच घ्यायचं, कारण नकली खोकी बाजारात सर्रास फिरतात. सीलचं तेच. माप आणि मटेरियल बरोबर असलं की झालं. साध्या हायड्रॉलिक ऑइलला नायट्राइल रबर चालतं. वर सांगितलेल्या क्लॅम्पला नागदेवीहून आणलेली सील बसवली, अजून थेंब गळलेला नाही.

इथपर्यंत लोकलची बाजू. आता ज्या पार्टच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, ते.

ब्लेडच्या ड्राइव्हमध्ये एक शिअर बोल्ट असतो. ब्लेड कशात अडकलं, बोर्डात लोखंडाचा तुकडा आला, धार पार बोथट असताना कडक गठ्ठा घातला, तर हा बोल्ट तुटतो आणि मागचा क्रँक, गिअर, कनेक्टिंग रॉड वाचतात. दिसायला तो साधा बोल्टच. म्हणून तुटला की लोक त्याच मापाचा हाय टेन्साइल बोल्ट आणून बसवतात, वर ‘आता तुटायचा नाही’ असंही सांगतात. बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ म्हणजे ताणशक्ती ८०० मेगापास्कल, १२.९ म्हणजे १२००. शिअर बोल्ट किती जोराला तुटावा याचा हिशोब मशीन बनवणाऱ्याने केलेला असतो. त्याजागी १२.९ घातला की तो जोर थेट मागे जातो. आमच्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका गाळ्यात असं झालं: बोल्ट शाबूत, कनेक्टिंग रॉड वाकलेला, आणि मशीन ऐन हंगामात कित्येक आठवडे बंद. काका नवीन पोरांना सांगतात, “अरे, तो तुटायलाच बसवलाय. तो तुटला म्हणजे त्याने काम केलं. आधी का तुटला ते शोधा, मग दुसरा बसवा.” ओरिजिनल बोल्ट साध्या बोल्टच्या कित्येक पट महाग पडतो, यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही जास्तीचे आणून ठेवले आहेत.

दुसरा भाग सेफ्टीचा: लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, मध्ये हात आला की ब्लेड थांबतं), दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं, त्यामागचे रिले (विजेवर चालणारे स्विच), आणि ब्लेड वर थांबवणारा ब्रेक. लोहार चाळीत त्याच व्होल्टेजचा रिले खूप स्वस्तात मिळतो, सॉकेटमध्ये बसतो आणि मशीन चालूही होतं. तरी तो तिथे नको. सेफ्टी रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना यांत्रिकपणे बांधलेले असतात. एखादा कॉन्टॅक्ट ठिणगीने चिकटला, तर त्याच्याशी बांधलेल्या उलट कॉन्टॅक्टला जुळताच येत नाही, मशीनला ते कळतं आणि पुढचा कट मिळत नाही. साध्या रिलेला ही सोय नाही. तो चिकटला तरी मशीन कळू देत नाही, आणि ऑपरेटर लाइट कर्टनच्या भरवशावर हात आत घालतो. ज्या दिवशी कळतं तोवर उशीर झालेला असतो. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम २१ मध्ये धोकादायक भागांना संरक्षण बसवा आणि ते कायम चालू स्थितीत ठेवा, असं स्पष्ट म्हटलं होतं. युरोपात कटिंग मशीनसाठी ईएन १०१०-३ हे वेगळं मानक आहे. पण कायदा बाजूला ठेवा. या व्यवसायात बोटं गमावलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आमच्याकडे लाइट कर्टनचा एक मॉड्यूल गेला, तेव्हा ओरिजिनल येईपर्यंत मशीन बंद ठेवलं आणि दिवाळी अंकांचं कटिंग शेजारच्या प्रेसमध्ये करून घेतलं. बायपास करून दोन दिवस चालवून देतो म्हणणारा मेकॅनिकही आला होता, त्याला परत पाठवलं.

ब्रेकचं लायनिंग स्थानिक कारागिराकडून चिकटवून घेणारे बरेच आहेत. आम्ही घेत नाही, कारण ब्रेक घसरला तर ब्लेड वर थांबण्याऐवजी खाली सरकू शकतं.

डिस्प्ले आणि बॅकगेजच्या कार्डाबाबत थोडक्यात: नवीन कार्ड फारच महाग आणि जुन्या मॉडेलचं मिळेलच असं नाही. आमचं बॅकगेजचं कार्ड लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्याने कपॅसिटर बदलून चालू करून दिलं, ते आजही नीट चालतंय. बॅकगेज चुकला तर माप चुकेल, कागद वाया जाईल, हात जाणार नाही. म्हणून ही जोखीम मी घेतली. सेफ्टीचं कार्ड असतं तर घेतली नसती.

पुढच्या दिवाळी अंकांच्या आधी आणखी एक लोकल ब्लेड घ्यायचं आहे, त्याच दुकानातून. ऑर्डरवर पोलादाचा ग्रेड, ६२ ते ६४ एचआरसी (रॉकवेल मापात) हार्डनेस, २४ अंश कोन आणि बोल्टच्या भोकांचं रेखाचित्र लिहून देणार आहे. भोकं अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी ब्लेड होल्डरवर ओढून बसवावं लागतं आणि अंगात ताण राहतो, म्हणून पैसे देण्याआधी जुन्या ब्लेडवर ठेवून भोकं जुळवून बघायची, असं काकांशी ठरलं आहे.